गाडी पूर्ण आली

टिल्लूंचा फोन आला तेव्हा मी
छावणीतल्या लॅबमध्ये
कुणाच्या तरी खालच्या जबड्याचं मेण तासत होतो.
"भिया, पाचवा डबा परत सुटला.
येताना तुमचं ते बारीक सामान आणा."

नारायण बागेत, दुसऱ्या मजल्यावर,
लोक जिथे दिवाण ठेवतात
तिथे त्यांनी घाट ठेवलाय.
प्लायवूडचं पाताळपाणी, पुठ्ठ्याचे बोगदे.
गिट्टी म्हणून आधी भाजलेला रवा पसरला होता,
मुंग्यांनी एका रात्रीत अख्खी लाइन उचलली.
आता खरा मुरूम आहे,
चहाच्या गाळणीतून गाळलेला.

मीटरगेजवर एकतीस वर्षं गार्ड.
ते रूळ गेले, शिट्टी खुंटीला आहे.

"तिसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी सुटतो.
चढावर. रोज."

मी हुक पाहिले.
दोन तर्जन्या वाकवून एकमेकींत अडकवाव्यात, तसे.
स्प्रिंग जागेवर होती.
पेन्सिलीच्या शिशाची चिमूट आत सोडली,
कागदाची चकती घालून
एकाची मान केसभर उचलली.
दोघं अगदी समोरासमोर आले.
गाडी चढली,
आणि सुटली.

मागचे तीन डबे उलटे घरंगळत
थेट कालाकुंडला जाऊन थांबले,
कलाकंद घ्यायला उतरल्यासारखे.
मी हसलो. टिल्लू हसले नाहीत.

"खऱ्या गाडीत जोड सुटला की नळी निघते,
व्हॅक्यूम जातं,
पुढचे थांबतात, मागचेही थांबतात.
हिला पत्ताच लागत नाही बघा."

इंजिन खरंच पुढे चाललं होतं.

माझ्या धंद्यात
माणूस ज्या दातावर बोट ठेवतो
तो बहुतेक वेळा निर्दोष असतो.
आम्ही मग निळा कागद देतो, म्हणतो चावा.
जिथे निळं उमटेल तिथे टोचतंय.

तो कागद मी रुळांच्या मध्ये अंथरला,
पाचवा डबा बोटाने हळू ओढला.
बोगद्याच्या तोंडाशी, एका स्लीपरवर,
निळा ठिपका.
वाळलेल्या फेविकॉलचा थेंब,
मोहरीच्याही निम्मा.
हुकाखाली लोंबणारी तार त्याला अडखळायची,
हुक वर उचलला जायचा
आणि बोट बोटातून निसटायचं.
आम्ही महिनाभर डब्याला बोल लावत होतो.

ज्या यंत्राने सकाळी एक अक्कलदाढ घासली
त्यानेच थेंब घासला.
तारेला चिमट्याने जरा वर वळवलं.
"चालवा," मी म्हणालो.

त्यांनी बटण माझ्या हातात दिलं
आणि गुडघे धरत, कण्हत,
पलीकडे जाऊन बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी वाकले.
मला वाटलं, पाचवा बघायला.
इंजिन आलं. त्यांनी पाहिलं नाही.
पहिला, दुसरा... पाचवाही गेला,
त्याच्याकडेही नाही.
ते आतल्या काळोखात बघत राहिले
शेवटचा डबा येईपर्यंत.
त्याच्या पाठीवर नखाएवढी पाटी होती,
बहुधा एकाच केसाच्या ब्रशने लिहिलेली:
एलव्ही.

"ही दिसली," ते म्हणाले,
"की मधले मोजायचे नसतात."

मग वही काढली. जुनी, रेल्वेचीच असावी.
लिहिलं: १६.४०. गाडी पूर्ण आली.
खाली सही. माझीही घेतली.

आणखी सात फेऱ्या झाल्या. आठव्या फेरीत
दुसरा डबा सुटला, भलत्याच ठिकाणी.
"उद्या या," ते म्हणाले,
बरं वाटल्यासारखं.

खाली येऊन स्कूटर काढली.
वळणापर्यंत पोचलो असेन,
गॅलरीतून हाक आली,
फलाटभर ऐकू जाईल अशी:
"भिया! थांबा!
मागचा दिवा बंद आहे तुमचा!"